पेन्शन तेवढीच, दूध बहात्तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीसाठी किती पैसे लागतात यावर आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून लेख येतात. मी ते कापून ठेवतो. एखाद्यात दोन कोटी लिहिलेलं असतं, एखाद्यात पाच. लिहिणारी मंडळी अभ्यासू असतात आणि त्यांचं गणित चुकीचं नसतं. पण वाचून झालं की आमच्यासारख्याच्या मनात एकच प्रश्न उरतो : यातलं आपल्याला काय लागू? मी नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका खासगी कंपनीच्या टूलरूममध्ये १९८५ ते २०१७ अशी बत्तीस वर्षं काम केलं. मे २०१७ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि घरी बसलो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात १५,७९,६९२ रुपये आले. पंधरा-वीस लाखांत म्हातारपण काढणारी माझ्यासारखी माणसं या शहरात गल्लोगल्ली आहेत, पण त्यांचा हिशेब कुणी छापत नाही. म्हणून मी माझाच लिहून पाठवतो आहे.

ग्रॅच्युइटी मी आधीच काढून ठेवली होती. शेवटचं बेसिक आणि डीए मिळून १८,४००. त्याला पंधराने गुणायचं, सव्विसाने भागायचं आणि पुन्हा बत्तीस वर्षांनी गुणायचं. ३,३९,६९२. कंपनीने रुपयान् रुपया दिला. बाकीचे १२,४०,००० फंडाचे. यातले पंधरा लाख मी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकायचे ठरवले. त्या वेळी साठीच्या आत निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून एका महिन्यात हे खातं उघडावं लागायचं (आता तीन महिने मिळतात). कंपनीचं पत्र, फंडाचा कागद, फोटो असं सगळं घेऊन मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "काका, उद्यावर टाकू नका. एक तारखेपासून दर बदलायची शक्यता आहे." मी त्याच दिवशी चेक दिला. १ जुलैला दर ८.४ वरून ८.३ वर आला. त्या बाईंचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

तर ८.४ टक्क्यांनी दर तिमाहीला ३१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला १०,५००. त्यात फंडाची पेन्शन २,९८६. एकूण १३,४८६. सौ. घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते, त्याचे वरखर्चाला यायचे. घर स्वतःचं, मुलीचं लग्न झालेलं, मुलगा नोकरीला लागलेला. आम्ही दोघांनी बसून ठरवलं की आता हे तेरा हजार चारशे शहाऐंशी म्हणजे आपला पगार. बत्तीस वर्षं महिन्याच्या सात तारखेला पाकीट घेतलेल्या माणसाला असंच वाटतं.

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. पगाराला दरवर्षी थोडी तरी वाढ असते, करार झाला की फरक मिळतो. व्याजाचा दर पाच वर्षं जागचा हलत नाही आणि पाच वर्षांनी हलला तर कुठल्या दिशेने हलेल ते आपल्या हातात नसतं. आम्ही मात्र किराण्यापासून लग्नकार्याच्या अहेरापर्यंत सगळा खर्च त्या आकड्याला नेमका बेतला आणि आलेलं व्याज शेवटच्या रुपयापर्यंत खर्च करत गेलो.

पेन्शनचं थोडं समजावून सांगतो, कारण सरकारी नोकरीतल्या नातेवाइकांना माझा आकडा सांगितला की ते पुन्हा विचारतात, "महिन्याला?" होय, महिन्याला. कंपनी आपल्या फंडात बारा टक्के भरते, त्यातले ८.३३ टक्के ईपीएस-९५ या पेन्शन योजनेत जातात. पण ते खऱ्या पगारावर नाही, ठरवलेल्या मर्यादेवर. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत ती मर्यादा ६,५०० होती, म्हणजे पगार कितीही असो, माझ्या पेन्शनसाठी महिन्याला ५४१ रुपयेच जात होते. सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० झाली, तेव्हा माझी पावणेतीन वर्षं उरली होती. सगळं जोडून २,९८६. त्यावर महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्यात जेवढी आली तेवढीच या महिन्यात आली. माझे साडू जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. त्यांच्या पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो आणि तो वाढत जातो. त्यांना मिळतं त्याचं मला वाईट वाटत नाही, त्यांनी आयुष्यभर शिकवलं आहे. पण दुधाचा भाव त्यांना आणि मला एकच आहे.

दुधाचं म्हणाल तर माझ्याकडे लेखी पुरावा आहे. सौ. वर्ष संपलं तरी भिंतीवरचं कॅलेंडर टाकत नाही. गुंडाळी करून, रबर लावून कपाटावर ठेवते. रोजच्या चौकटीत पेन्सिलीने दूध लिहिलेलं असतं, १ किंवा दीड, पाहुणे असले तर २, दूधवाला गावाला गेला असेल तर आडवी रेघ. महिन्याच्या शेवटी कोपऱ्यात बेरीज आणि भाव. गेल्या महिन्यात मी त्या सगळ्या गुंडाळ्या खाली काढल्या आणि एकेक पान उलटलं. जून २०१७ : म्हशीचं दूध ५० रुपये लिटर. मग ५२, ५६, ६०, ६४, ६८. आज ७२. एका पानावर तिने भावाला दोनदा गोल केलेला होता आणि शेजारी बारीक अक्षरात "एक लिटर बंद, अर्धा" असं लिहिलेलं होतं. ते पान जुलै २०२२ चं होतं. तिने दूध निम्मं केलं ते मला तेव्हा सांगितलं नव्हतं. मी चहा पित होतो, मला कळलंही नाही.

मी तिथेच बसून भागाकार केला. निवृत्त झालो तेव्हा माझ्या पेन्शनमध्ये महिन्याला जवळजवळ साठ लिटर दूध येत होतं. आज साडेएक्केचाळीस लिटर येतं. कागदावर पेन्शन तीच आहे, दोन हजार नऊशे शहाऐंशी.

आता जुलै २०२२ मध्ये काय झालं ते सांगतो. जून २०२२ मध्ये माझ्या पोस्टातल्या खात्याची पाच वर्षं भरली. करोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चार टक्क्यांवर आणला होता. कर्ज घेणाऱ्यांना त्याचा दिलासा मिळाला, पण व्याजावर जगणाऱ्यांचा त्यात कस लागला. ज्येष्ठांच्या योजनेचा दर तेव्हा ७.४ वर उतरला होता. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दर वाढवायला सुरुवात केली होती, पण पोस्टातला दर अजून हलला नव्हता. माझे पंधराच्या पंधरा लाख नेमके त्याच महिन्यात, एकाच तारखेला मोकळे झाले. तिमाहीचे ३१,५०० होते ते २७,७५० झाले. महिन्याला साडेबाराशे कमी. आणि त्याच दिवसांत गॅसचं सिलिंडर हजाराच्या वर गेलं होतं. सौ.ने दूध निम्मं केलं ते या साडेबाराशेपायी.

एक गोष्ट बरी केली. नवं खातं न उघडता जुन्यालाच तीन वर्षांची मुदतवाढ घेतली, कारण मुदतवाढीचं खातं एका वर्षानंतर दंड न भरता बंद करता येतं. हेही काउंटरवरच कळलं. वर्षभर थांबलो. ऑक्टोबर २०२२ मध्ये दर ७.६, जानेवारी २०२३ मध्ये ८, एप्रिलमध्ये ८.२. वर्ष भरताच जून संपता संपता खातं बंद केलं आणि ८.२ ने नवं उघडलं. पाच वर्षांसाठी, म्हणजे जून २०२८ पर्यंत. तिमाहीला ३०,७५०.

यात मी सगळं नीट केलं असं समजा. तरी हिशेब बघा. आज व्याजाचे महिन्याला १०,२५० आणि पेन्शनचे २,९८६, एकूण १३,२३६. २०१७ मध्ये होते १३,४८६. साडेआठ वर्षांनंतर माझं उत्पन्न अडीचशे रुपयांनी कमी आहे, आणि हे दर वर आल्यानंतरचं चित्र आहे. मी कुठे शेअरमध्ये पैसे घालवले नाहीत, कुणाला उसने दिले नाहीत, दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागलो नाही. सरकारी योजनेत ठेवले आणि काटकसरीने राहिलो.

औषधपाण्याचं वेगळंच. नोकरीत कंपनीचा मेडिक्लेम होता, तो निवृत्तीच्या दिवशीच संपला. दोघांची पॉलिसी घेतली तेव्हा हप्ता २१,००० होता, आज ४३,००० आहे. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला, त्याचा मोठा आधार झाला. तरीही वर्षाची सगळी पेन्शन, ३५,८३२ रुपये, एकत्र केली तर हा एक हप्ता भरत नाही. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण मिळतं. मला सत्तर मे २०२९ मध्ये लागतील. तोवर हप्ता चुकवायचा नाही, एवढं आम्ही पक्कं धरून आहोत.

मग चालतं कसं? मी पुन्हा कामाला जातो, म्हणून चालतं. वय ६६. आठवड्यातले चार दिवस अंबडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये डायच्या दुरुस्तीला जातो. महिन्याचे ११,००० मिळतात. हात अजून चालतो, मायक्रोमीटरवरची रेघ चष्मा लावून नीट दिसते, पोरं मान देतात. काम करायला मला आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हात थरथरायला लागला तर त्या महिन्यापासून हे ११,००० बंद, हे मला माहीत आहे आणि सौ.लाही माहीत आहे.

म्हणून या पैशाला आम्ही घरखर्चात शक्यतो हात लावत नाही. २०२३ मध्ये सौ.ला साठ पूर्ण झाली. तेव्हापासून दरवर्षी तिच्या नावाने पोस्टात ज्येष्ठांच्याच योजनेत ६०,००० चं एक वेगळं खातं उघडतो. तिच्या शिलाईचे आणि माझ्या वर्कशॉपचे मिळून. एक २०२८ मध्ये मोकळं होईल, दुसरं २०२९ ला, तिसरं २०३० ला. दर पडलेल्या वर्षी मोकळं झालंच तर त्यातलं एकच सापडेल, सगळी नाही सापडणार. ही साधी गोष्ट मला २०१७ मध्ये सुचली असती, तर पंधरा लाख एका दिवशी एका खात्यात टाकले नसते. थोडे वर्षाच्या, थोडे दोन वर्षांच्या, थोडे तीन वर्षांच्या मुदतीत ठेवून पुढे पुढे सरकवत नेले असते. पहिल्या वर्षी व्याज थोडं कमी आलं असतं, पण २०२२ चा तडाखा एवढा बसला नसता. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला आणि बँकांच्या ठेवींचे दर खाली आले. ज्यांच्या ठेवी त्या वर्षी मोकळ्या झाल्या, त्यांच्या घरी आज काय चाललं असेल ते मी सांगू शकतो.

फंडाबद्दलही लिहायला हवं. मी नोकरीत असताना दोनदा फंड काढला. २००१ मध्ये घरासाठी १,६०,००० आणि २०११ मध्ये मुलीच्या लग्नासाठी अडीच लाख. घराचं मला वाईट वाटत नाही. ते घर नसतं तर आज भाडं भरता भरता मेलो असतो. पण लग्नाचे अडीच लाख साडेआठ टक्क्यांनी धरले तरी सहा वर्षांत चार लाखांच्या वर गेले असते. लग्न छोटं करता आलं असतं. मुलगीही तेव्हा तसंच म्हणत होती, मीच ऐकलं नाही. चारचौघांत उणं दिसू नये असं वाटलं. आज तिला हे सांगितलं तर तिला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही, इथे लिहितो.

मुलगा पुण्याला असतो. त्याने पहिली नोकरी बदलली तेव्हा फंड काढून मोटरसायकल घेतली. दुसरी बदलली तेव्हा मी त्याला ही कॅलेंडरं दाखवली. त्या वेळी त्याने फंड नव्या कंपनीत वर्ग केला.

सगळ्यात जास्त काळजी मला वर्कशॉपमधल्या पोरांची वाटते. आम्ही सातजण आहोत. वीसपेक्षा कमी माणसं असली की फंडाचा कायदा लागू होत नाही. त्यामुळे या पोरांना फंड नाही, पेन्शन नाही. पगार खात्यात येतो आणि महिना संपायच्या आत संपतो. त्यातला एक पंचवीस वर्षांचा, हाताला फार चांगला आहे. सरफेस ग्राइंडरवर त्याचं काम बघत राहावंसं वाटतं. त्याने अटल पेन्शन योजनेचं विचारलं. मी त्याच्याबरोबर बँकेत गेलो. पंचविसाव्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला ३७६ रुपये, साठीनंतर पाच हजार पेन्शन. मी त्याला घ्यायलाच लावली. परत येताना त्याने विचारलं, "बाबा, पाच हजारांत तेव्हा भागेल का?" सगळे मला बाबा म्हणतात. मी घरी येऊन हिशेब केला. महागाई चार टक्के धरली, रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्टच तेवढं आहे, तर पस्तीस वर्षांनंतरचे पाच हजार म्हणजे आजचे सुमारे बाराशे सत्तर रुपये. दुसऱ्या दिवशी त्याला खरं ते सांगितलं आणि ही पेन्शन बंद करू नकोस, पण हिच्यावर थांबूही नकोस, पीपीएफ काढ, पाचशेने सुरुवात कर, पगार वाढेल तसं वाढव, असंही सांगितलं. तो "बरं" म्हणाला. ते बाराशे सत्तर ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आहे.

मला सरकारला विनंती करायची आहे ती एवढ्यासाठीच. माझी पेन्शन असो की या पोराची, रक्कम एकदा ठरली की ती गोठते, आणि गोठलेल्या पेन्शनवर माणसाला वीस-पंचवीस वर्षं काढायची असतात. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ मध्ये एक हजार केली, तेव्हाच तिला महागाईशी जोडायला हवं होतं. वाढवून किती करायची यावर मतभेद असू शकतात, खजिन्यावर भार येतो हेही मला मान्य आहे. पण निदान दरवर्षी महागाईइतकी, अगदी दोन-तीन टक्के तरी ती हलली पाहिजे. आम्ही फुकट मागत नाही. बत्तीस वर्षं कारखान्यात उभं राहून काम केलं आहे.

आणि नवऱ्यामागे बायकोचं काय, हे कुठल्याच लेखात मला नीट वाचायला मिळालं नाही. माझ्यामागे सौ.ला माझ्या पेन्शनच्या निम्मी मिळेल, म्हणजे १,४९३ रुपये. माझ्यापेक्षा ती चार वर्षांनी लहान आहे, तिची आई नव्वदीपर्यंत जगली. म्हणजे आमचं नियोजन माझ्या आयुष्याचं नाही, तिच्या आयुष्याचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. पोस्टातलं माझं खातं मी २०२३ मध्ये तिच्यासह संयुक्त केलं, सगळीकडे नॉमिनी तपासले. एका जुन्या बचत खात्यावर अजून माझ्या आईचं नाव होतं, तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. सगळ्या तारखा, खाते क्रमांक आणि कागद कुठे आहेत ते सौ.ने स्वतःच्या अक्षरात एका वहीत लिहिलं आहे. मी लिहून दिलं असतं तर तिला ते सापडलं नसतं. आता तिमाहीचं व्याज जमा झालं की पासबुक भरून आणायला ती एकटी जाते. या वर्षीपासून दूधही पुन्हा एक लिटर सुरू केलं आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक मागणी आहे. पोस्टाच्या योजनांचे दर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं. ते १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीच्या अंकात चौकट करून, मोठ्या अक्षरांत छापा. मागच्या तिमाहीचा दर शेजारी द्या. आणि त्याखाली वर्षातून चार वेळा तरी कोटीऐवजी दहा लाखांचं, पंधरा लाखांचं गणित द्या : एवढे ठेवले तर महिन्याला किती येतील, सगळे एकदम ठेवावेत की थोडे थोडे, मुदत संपताना काय करावं, नवऱ्यामागे बायकोला काय मिळेल. पोस्टातल्या एका बाईंनी मला वेळेवर सांगितलं म्हणून माझा फायदा झाला, सगळ्यांना तशी बाई भेटत नाही.

आपण छापलंत तर ती चौकट मी कापून वर्कशॉपमध्ये ग्राइंडरच्या मागच्या भिंतीवर लावीन. तिथे सगळ्यांचं लक्ष जातं.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
सातपूर, नाशिक